डावीकडची खालची फांदी

माझ्या फायकसच्या (वड-पिंपळाच्या कुळातलं झाड) बोन्सायला डावीकडे अगदी खाली एक फांदी आहे, तिच्यामागे मी आत्तापर्यंत 11 वर्षं घालवलीत. त्यातली पहिली 5 सरळ सरळ फुकट गेली.

बोन्साय म्हटलं की वाटतं कात्री घेऊन बसायचं आणि कातरत राहायचं. मीही तेच केलं, कोंब दिसला की खुड, शेंडा वर आला की उडव, झाड कायम आत्ताच पार्लरमधून आल्यासारखं. 5 वर्षांनी ज्यांच्याकडे मी हे शिकतो त्या काकांना कौतुकाने दाखवायला नेलं, तर त्यांनी वरच्या हिरव्या घेराकडे बघितलंच नाही, एका बोटाने पानं बाजूला सारली आणि म्हणाले, "अरे, खोड पैलवानाचं आणि हात काडेपेटीतल्या काड्यांचे!" मी वाकून बघितलं. मनगटाएवढ्या खोडातून पेन्सिलीपेक्षा बारीक फांदी निघालेली आणि टोकाला पानांचा नुसता झुबका, पिसं झटकायचा ब्रशच जणू.

तर गणित उलटं आहे. फांदी जाड व्हायला हवी असेल तर तिला हात लावायचा नाही. जितकी पानं तितकं अन्न, जितकं अन्न तितकं लाकूड. सुटू द्यायची मोकाट. मी सोडली, ती 2 फूट आडवी गेली, झाड असं काही विचित्र दिसायला लागलं की मुलीने विचारलं, "बाबा, हे लिफ्ट मागतंय का?" मागू दे म्हटलं. बुंध्याशी हवी तेवढी जाडी आली की मग बिनधास्त मागे कापायची, 2 इंच ठेवून, नवा डोळा फुटेल त्याला पुढे सोडायचं, तो थोडा कमी जाड झाला की परत कापायचा. जाड, मग बारीक, मग अजून बारीक, आणि प्रत्येक कापाशी एक वळण आपोआप. दक्षिण चीनच्या लिंगनान शैलीत तर मुख्य भर या वाढव-आणि-काप पद्धतीवरच असतो. (पाइन-ज्युनिपरसारख्या सुईपानांच्या झाडांवर हा प्रयोग करू नका, फांदीवर हिरवं काही उरलं नाही की बहुतेक वेळा ती वाळते. फायकस बिचारं जुन्या लाकडातूनही फुटतं.)

मग येते फाटे फोडायची पाळी. शेंड्यात ऑक्झिन नावाचं हार्मोन तयार होतं, त्याच्या धाकाने मागचे डोळे झोपून राहतात, शेंडा गेला की धाक गेला आणि मागचे जागे होतात. म्हणून 5-6 पानं येऊ द्यायची आणि 2 ठेवून कापायचं. एकाचे दोन, दोनाचे चार. कागदावर 6 छाटण्यांत 64 टोकं होतात, माझी कधीच झाली नाहीत, काही सावलीत मरतात, काही नेमकी खालीच वाढतात, ती काढावीच लागतात.

तारेबद्दल मी कमी बोलावं हे बरं. अ‍ॅल्युमिनियमची तार, फांदीच्या साधारण एक तृतीयांश जाडीची, 45 अंशात गुंडाळायची, हे सगळं नीट केलं होतं, फक्त काढायला विसरलो. ऐन वाढीचा सीझन, 5-6 आठवडे बघितलंच नाही, आणि बघितलं तेव्हा तार सालीत रुतलेली. ती उलटी फिरवून सोडवायची नसते, कटरने तुकडे करून उचलायची असते, हेही मला साल सोलून निघाल्यावर कळलं. त्याला 4 वर्षं झाली, स्क्रूसारखे आटे अजून दिसतात. कुणी आलं की मी कुंडी जरा फिरवून ठेवतो.

वॉशिंग्टनच्या बोन्साय म्युझियममध्ये एक व्हाइट पाइन आहे, 1625 पासून जोपासलेला. 1945 ला हिरोशिमावर बॉम्ब पडला तेव्हा तो तिथल्याच यामाकी कुटुंबाकडे होता, तरी वाचला, आणि 1976 ला अमेरिकेला भेट म्हणून गेला. सगळे त्याची बॉम्बची गोष्ट सांगतात, मी मात्र फोटो झूम करून खालच्या फांद्या बघत बसतो. कुठला काप कोणी घेतला असेल, कोणाची तार रुतली असेल, काही म्हणजे काही कळत नाही.

आज सकाळी माझ्या फांदीच्या चौथ्या फाट्याशी तीन कोंब दिसले. तीन ठेवले तर तिथे गाठ फुगते, दोनच ठेवायचे. मधला सगळ्यात टवटवीत, सरळ, लांब पेरांचा, म्हणजे जायचा तोच. कडेचे दोन्ही मरतुकडे, एकाच्या पानाला भोकही आहे. कात्री हातात घेऊन बराच वेळ उभा होतो. मग कापला, पांढरा चीक आला, तो ओल्या फडक्याने टिपला, आणि तार आणायला आत गेलो.