पानाखालची पांढरी लव

चिनी औषधी वनस्पती म्हटले की आपल्याकडे बहुतेकांना जिनसेंग आठवते. हुबेई प्रांतात नोकरीनिमित्त राहत असताना मला जिचा नाद लागला, ती वनस्पती मात्र अगदी सामान्य आहे. शेताच्या बांधावर, रस्त्याच्या कडेला आणि पडीक जमिनीत ती तणासारखी माजते. चिनी लोक तिला ‘आय’ म्हणतात आणि तिचे शास्त्रीय नाव आर्टेमिसिया आर्गी असे आहे. तिच्या पानांच्या लवेचा कापूस पेटवून शरीरावरील ठरावीक बिंदूंना शेक देतात. चैत्रात जोतिबाला वाहिला जाणारा दवणा याच आर्टेमिसिया प्रजातीतला, त्यामुळे मराठी माणसाला ती अगदीच परकी नाही. तिच्याविषयी जे लिहिले जाते त्यात रोगांच्या याद्या फार आणि पानाविषयीची माहिती फार थोडी असते. माझ्या मते तिची ओळख, तोडणी, साठवण आणि वापर हे सारे पानाच्या खालच्या बाजूला असलेल्या पांढऱ्या लवेभोवती फिरते, म्हणून सुरुवातही तिथूनच केलेली बरी.

हे बहुवर्षायू रोप साधारण दीड मीटरपर्यंत वाढते. खोड ताठ असते आणि जमिनीखाली आडवी मुळे पसरत असल्यामुळे एकदा लावले की दोन-तीन वर्षांत वाफा भरून जातो. पाने एकाआड एक येतात आणि शेवंतीच्या पानांसारखी खोलवर विभागलेली असतात. पानाची वरची बाजू राखट हिरवी असून तिच्यावर बारीक पांढरे ठिपके दिसतात. खालची बाजू मात्र दाट, राखाडी-पांढऱ्या लवेने पूर्ण झाकलेली असते, इतकी की वाऱ्याने पाने उलटली की सगळा ताटवा क्षणभर रुपेरी दिसतो. पान चुरगळल्यावर कापूर आणि निलगिरीची आठवण करून देणारा उग्र वास येतो आणि त्याला कारणही आहे, कारण निलगिरीच्या तेलातील मुख्य घटक असलेले सिनिऑल आणि त्यासोबत कापूर व बोर्निऑल या पानांच्या तेलातही असतात. फुले बारीक आणि लक्षात न येणारी असतात, परंतु परागकण वाऱ्यावर पसरत असल्याने ॲलर्जी असणाऱ्यांनी फुलोऱ्याच्या काळात या रोपापासून दूरच राहावे.

ओळखीतली खरी अडचण अशी की चीनमध्येच आर्टेमिसियाच्या पुष्कळ जाती आहेत आणि त्यांतील काही जाती खेडोपाडी ‘आय’ म्हणूनच तोडल्या जातात. जपानमध्ये शेकाच्या याच कामासाठी वापरली जाणारी ‘योमोगी’ ही वेगळी जात आहे. आपल्या सह्याद्रीच्या उंच भागात आढळणारी आर्टेमिसिया निलगिरिका हीसुद्धा जवळची असली तरी वेगळीच. यांच्यातील गल्लत फारशी घातक नसते. घातक गल्लत निराळीच आहे. जपानमध्ये वसंत ऋतूत कोवळी योमोगी खुडताना चुकून बचनागाच्या कुळातील विषारी रोपाची पाने तोडली जाऊ नयेत, म्हणून सरकारी आरोग्य खात्याला इशारे द्यावे लागतात. आपल्याकडे कोवळे गाजर गवतही लांबून असेच दिसते. या दोहोंच्या पानांखाली लवेचा पांढरा थर नसतो आणि कापरासारखा वासही नसतो. लव आणि वास या दोन्ही खुणा एकत्र पटल्याखेरीज पान टोपलीत टाकू नये, असे माझे मत आहे.

तोडणीचा पारंपरिक मुहूर्त म्हणजे चांद्र पंचांगाच्या पाचव्या महिन्यातील पाचवी तिथी, अर्थात त्वानवूचा सण, जो मेअखेर ते जूनअखेर या काळात कधीतरी येतो. त्या आधीच्या दोन दिवसांत वुहानच्या भाजीबाजारात आयच्या जुड्या आणि त्यांच्यासोबत तलवारीसारखी लांब पाने विकायला येतात. ती पाने वेखंडाची आहेत हे समजले तेव्हा बाळगुटीतल्या वेखंडाला इथे दारावर टांगलेले पाहून मला मोठी गंमत वाटली. ही प्रथा जुनी आहे. याच प्रदेशातील रूढींच्या सहाव्या शतकातील नोंदींत, लोक या दिवशी आय तोडून तिची माणसाच्या आकाराची बाहुली बनवतात आणि विषारी हवा दूर राहावी म्हणून दारावर टांगतात, असा उल्लेख आहे.

मुहूर्तामागे व्यवहारही आहे. चीनच्या अधिकृत औषधकोशानुसार पाने उन्हाळ्यात, फुलोरा येण्यापूर्वी तोडायची असतात. या सुमारास पाने पूर्ण वाढलेली, जाड आणि लवेने भरलेली असतात. फुलोरा सुरू झाला की खालची पाने पिवळी पडून गळू लागतात. दव सुकल्यावर कोरड्या दिवशी ताटे कापावीत, पाने ओरबाडून खोड बाजूला काढावे आणि पाने पातळ पसरून, अधूनमधून हलवत वाळवावीत. खोडाचे तुकडे आळसाने तसेच राहू दिले तर पुढे कुटताना त्यांचा चांगलाच त्रास होतो. आतून ओलसर राहिलेल्या ढिगाला बुरशी लागते आणि मग तो फेकण्याखेरीज इलाज उरत नाही.

यानंतरची पायरी म्हणजे थांबणे. ताजी वाळलेली पाने औषधी दुकानात मिळतात, पण जाणकार जुनी पाने मागतात. इसवी सनपूर्व चौथ्या शतकातील तत्त्वज्ञ मेन्शियस याने राजांना सुनावताना दाखला दिला होता तो असा की, सात वर्षांच्या दुखण्यासाठी तीन वर्षे मुरलेली आय शोधत फिरणाऱ्याने ती आधीच साठवली नसेल, तर ती त्याला जन्मभर मिळणार नाही. ली शिझेन (१५१८–१५९३) हा थोर वैद्य हुबेईतील छीचौचा, म्हणजे आजच्या छीछुन परगण्याचा. त्यानेही आपल्या ग्रंथात जुनी, मऊ केलेली पानेच वापरावीत, कच्च्या पानांच्या आगीने शरीराला इजा होते, असे बजावले आहे. छीचौची आय सर्वांत उत्तम असल्याचे तो लिहितो. त्यात गावाचा अभिमान किती आणि परीक्षा किती हे ज्याचे त्याने ठरवावे, परंतु छीछुनचा आजचा मोठा व्यापार त्याच ख्यातीवर उभा आहे. जुन्या पानांचे कारण सरळ आहे: साठवणीत पानांतील उडून जाणारे तेल कमी होते आणि ती भडकून न पेटता संथपणे, सौम्य आचेने जळतात.

मुरलेली पाने दगडी खलात कुटून चाळली, की पानाचा ठिसूळ भाग भुकटी होऊन खाली पडतो आणि वर उरते ती लव. कुटणे आणि चाळणे पुन्हापुन्हा केल्यावर पिवळसर, मऊ कापूस हाती येतो. बाजारात या कापसाची प्रत प्रमाणावरून सांगतात: तीन किलो पानांपासून एक किलो काढलेला कापूस भरड, तर तीस किलोंपासून एक किलो काढलेला अत्यंत तलम. भरड कापूस कागदात गुंडाळून बोटाएवढ्या जाडीच्या कांड्या करतात. तांदळाच्या दाण्याएवढे शंकू करण्यासाठी तलम कापूस लागतो.

शरीरावरील ठरावीक बिंदूंना या जळत्या कापसाची ऊब देणे हा अ‍ॅक्युपंक्चरचा जोडउपचार आहे. कांडी त्वचेपासून दोन-तीन सेंटीमीटर दूर धरून दहा-पंधरा मिनिटे शेक देतात, किंवा आल्याच्या चकतीला भोके पाडून तिच्यावर शंकू ठेवून पेटवतात. जपानात आणि चीनमध्ये पूर्वी त्वचेवरच शंकू जाळून मुद्दाम फोड उठवत असत. त्याचे समर्थन मी करणार नाही, कारण मेळघाटात तान्ह्या मुलांच्या पोटावर चटके देण्याची ‘डंबा’ प्रथा ज्याने ऐकली आहे, त्याला परंपरेच्या नावाखाली भाजणे काय असते हे ठाऊक आहे. मधुमेहामुळे पायांची संवेदना कमी झालेल्यांनी सौम्य शेकही घेऊ नये; त्वचा भाजली तरी त्यांना कळत नाही. धूर हा शेवटी धूरच असतो, म्हणून दमेकऱ्याच्या खोलीत कांडी पेटवू नये.

उपयोगांच्या लांबलचक यादीतील बहुतेक दाव्यांना भक्कम आधार नाही. गर्भ पायाळू असताना आईच्या पायाच्या करंगळीजवळील बिंदूला शेक देण्याचा प्रयोग मात्र गंभीरपणे तपासला गेला आहे आणि नेहमीच्या देखभालीसोबत त्याचा काही लाभ होत असावा असे निष्कर्ष निघाले आहेत. तरीही तो प्रसूतितज्ज्ञाच्या सल्ल्यानेच करावा. पोटात घेण्याबाबत मी अधिक सावध आहे. रक्तस्राव थांबवण्यासाठी चिनी वैद्य पाने भाजून, व्हिनेगर शिंपडून वापरतात, परंतु त्यांचा औषधकोशच या पानांना किंचित विषारी म्हणतो आणि काढ्याची मात्रा ३ ते ९ ग्रॅम एवढीच सांगतो. घरी असे काढे करू नयेत. वसंतातील कोवळे शेंडे उकळून, पाणी टाकून देऊन तांदळाच्या पिठात मळलेले हिरवे गोळे मी आवडीने खाल्ले आहेत, पण तो खाद्यपदार्थ झाला.

भारतात हा उपचार येण्याला एक मराठी धागा आहे. सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांसोबत १९३८ मध्ये चीनला गेलेल्या वैद्यकीय पथकातील डॉ. बसू यांनी पुढे तिथे अ‍ॅक्युपंक्चर शिकून ते कोलकात्यात सुरू केले. महाराष्ट्रात तर आता या पद्धतीसाठी स्वतंत्र कायदाही आहे, त्यामुळे पुण्या-मुंबईत या कांड्या मिळणे अवघड नाही. विकत घेताना एक कांडी मोडून पाहावी: आतील कापूस पिवळसर आणि मऊ असावा, हिरवा रंग दिसल्यास पाने ताजी आहेत आणि काड्या टोचल्यास चाळणी नीट झालेली नाही. वापरून झाल्यावर कांडी वरून विझलेली दिसली तरी आतला निखारा बराच वेळ धुमसत राहतो, म्हणून ती कोरड्या वाळूच्या भांड्यात उलटी खुपसावी आणि पूर्ण थंड झाल्याची खात्री होईपर्यंत कपाटात ठेवू नये.