कागदाची पट्टी

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा, असं समितीचं पत्र आलं तेव्हा ठरवलं होतं की स्नेहसंमेलन, प्रयोगशाळा, मैदान, सगळ्यांवर थोडं थोडं लिहायचं. लिहायला बसलो आणि इंग्रजीच्या बाईंच्या पुढे काही सरकेना. बाकीच्या गुरुजनांनी राग मानू नये.

नववीतला तास. धडा वाचायला मी उभा होतो आणि 'पिन' हा शब्द आला. बाईंनी थांबवलं. जुन्या वहीच्या पानाची बोटभर रुंद पट्टी फाडली, स्वतःच्या ओठांसमोर धरली आणि म्हणाल्या, 'पिन'. पट्टी फडफडली. मग 'स्पिन'. पट्टी ढिम्म. आता माझी पाळी. मी दोन्ही शब्द म्हटले, पट्टी दोन्ही वेळा ढिम्मच. वर्ग हसला.

"हसताय काय? तुमच्यातल्याही कुणाची हलायची नाही," बाई म्हणाल्या, आणि पट्टी बाकाबाकांवरून फिरली. खरंच कुणाची हलली नाही. एकाने फुंकर मारून हलवली, त्याचा कान पिळला गेला.

मग फळ्यावर दोन शब्द: पळ, फळ. "हे एकच का रे?" नाही. म्हणजे मराठीत 'प'बरोबर हवेचा झोत सुटला की अर्थच बदलतो. इंग्रजीत 'पिन'मध्ये झोत सुटतो, 'स्पिन'मध्ये 'स'च्या मागे सुटत नाही, पण बोलणाऱ्याच्या लेखी दोन्हीकडे 'प' एकच. हे आम्ही आठवडाभर चघळलं, तेव्हा कुठे बाईंनी नावं सांगितली. अर्थात फरक पाडणारा तो फोनीम, म्हणजे स्वनिम. त्याची जागेनुसार पालटणारी रूपं ते ॲलोफोन.

मॉर्फीम म्हणजे अर्थ असलेला शब्दाचा सर्वांत लहान तुकडा, जसा अनेकवचनाचा एस. त्याचंही तसंच. 'कॅट्स', 'डॉग्ज', 'बसिझ'. स्पेलिंगच्या शेवटी एस एकच, मग आवाज तीन का? गळ्यावर बोटं ठेवायला लावली. 'कॅट'च्या शेवटी 'ट'ला गळा थरथरत नाही, म्हणून पुढे 'स'. 'डॉग'च्या 'ग'ला थरथरतो, म्हणून 'झ'. 'बस'मध्ये आधीच 'स' बसलेला, त्याला दुसरा चिकटवता येईना म्हणून मध्ये 'इ' घुसला. अख्खा वर्ग गळा धरून बसलेला पाहून शेजारच्या वर्गावरचे सर धावत आले होते!

आज 22 वर्षं मी कॉलेजात भाषाविज्ञान शिकवतो. गेल्या वर्षी इंग्रजी भाषेच्या अभ्यासातल्या संज्ञांचा एक छोटा कोश लिहून पुरा केला. (स्वतःचं सांगायला संकोच वाटतो, पण स्मरणिकेत नाही तर कुठे सांगायचं?) मुलं हुशार आहेत. आधुनिक भाषाविज्ञानाचा पाया घालणारा सोस्यूर 1913 साली गेला आणि त्याची व्याख्यानं 1916 साली छापली गेली, हे खडाखडा सांगतात. फोनीमची व्याख्या स्वल्पविरामासकट पाठ. पण 'थॉट' या शब्दात ध्वनी किती, असं विचारलं की मनात स्पेलिंग मोजून सात म्हणतात. आहेत तीन. इंग्रजीत अक्षरं 26 आणि ब्रिटिश प्रमाण उच्चारात स्वनिम साधारण 44, हेही त्यांनी वाचलेलं असतं; दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून पाहायला मात्र कुणी सांगितलेलं नसतं. आम्हाला व्याख्या सगळ्यात शेवटी मिळायची, कधी कधी मिळायचीच नाही. परीक्षेत त्यापायी गुण गेले असतील, मला त्याचं आजही काही वाटत नाही.

एक मात्र राहून गेलं. सहामाहीच्या आदल्या दिवशी बाईंनी गृहपाठ दिला होता: लिहायला अगदी सारखे, पण उच्चाराने आणि अर्थाने वेगळे असे दोन मराठी शब्द शोधून आणा. परीक्षा आली, सुट्टी लागली, नंतर ना त्यांनी विचारलं ना आम्ही आठवण करून दिली. कोशात 'मिनिमल पेअर'ची, म्हणजे पळ-फळसारख्या एकाच ध्वनीने वेगळ्या होणाऱ्या शब्दजोडीची, नोंद लिहिताना एका रात्री ते अचानक सुचलं. सांगायला बाई आता नाहीत, म्हणून इथे लिहितो.

बाई, 'चार'. एक तीननंतरचा, आणि दुसरा 'गुरांना गवत चार' मधला.