समाज मंदिरातली पराटी

यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावात तान्ह्या पोळ्याला, म्हणजे पोरांच्या लाकडी बैलांच्या सणाला, समाज मंदिरात मी एक डिजिटल मांडणी केली. कुंड्यांत खरी पराटी, म्हणजे कपाशीची झाडं, लावली. पानाला हात लावला की समोरच्या भिंतीवर कपाशीचं फूल उमलायचं, आधी पांढरट-पिवळं, मग गुलाबी. शेतात या रंगबदलाला दिवस जातो, इथे काही सेकंद.

कल्पना जुनीच. क्रिस्टा सोमरर आणि लॉरां मिन्योनो यांनी 1992 मध्येच जिवंत झाडांना स्पर्श करून पडद्यावर झाडं वाढवली होती. आता त्यासाठी ईएसपी32 हा काही शे रुपयांचा छोटा मायक्रोकंट्रोलर बोर्ड पुरतो. त्याच्या स्पर्श ओळखणाऱ्या टच पिनची वायर कुंडीतल्या ओल्या मातीत खोचायची. हात लागला की झाडाची विद्युत धारकता (विजेचा भार धरून ठेवण्याची क्षमता) बदलते, बोर्डावरचा आकडा घसरतो आणि लॅपटॉपवरचं टचडिझायनर हे सॉफ्टवेअर भिंतीवरचं चित्र बदलतं. त्याच्या फुकटच्या आवृत्तीत चित्र 1280 पिक्सेलच्या वर जात नाही, पण चुना मारलेल्या भिंतीवर ते कोण मोजतो!

काळे पडदे बिछायतवाल्याने दिले, प्रोजेक्टर लग्नाचं शूटिंग करणाऱ्याने. घोडं अडलं अर्थिंगपाशी. लॅपटॉप चार्जरला लावला की कुणी हात न लावताच भिंतभर फुलं. वायरमनने भिंतीवरचा विजेचा बोर्ड उघडला आणि हसला, "तिसरं भोक नुसतं शोभेले आहे जी, अर्थिंगच नाही." मग मागच्या बाजूला खड्डा, लोखंडी पाइप, कोळसा-मिठाचे थर आणि वरून बादलीभर पाणी. आकडे जागेवर आले. तेव्हापासून सकाळी कुंड्यांना पाणी घातलं की त्या खड्ड्यातही घालायचो. कुंडीतली माती सुकली तर झाडाला स्पर्श कळत नाही, हे कोडमध्ये कितीही डोकं घातलं तरी सुटत नाही.

पोरं लाकडी बैल घेऊन आली. आधी बैलाच्या शिंगाने पान टोचून पाहिलं, भिंत ढिम्म. मग बोट लावलं आणि एकच कल्ला. शहरातल्या मॉलमध्ये अशी प्रदर्शनं मी पाहिली आहेत, तिथे लोक भिंतीकडे पाठ करून सेल्फी काढतात. इथे पाठ कुणी केली नाही, उलट तपासणी सुरू झाली. एक आजोबा बराच वेळ भिंत न्याहाळून म्हणाले, "तुमच्या पराटीले डोमकळी नाही येत का जी? अळी काय सुट्टीवर गेली?"

बरोबरच होतं त्यांचं. गुलाबी बोंडअळी फुलात शिरली की पाकळ्या मिटून राहतात, तीच डोमकळी. गुलाबी बोंडअळीशिवायची कपाशी आमच्याकडे कोण खरी मानेल? रात्री बसून पाकळ्या मिटलेली डोमकळी काढली आणि मधूनमधून ती उगवेल असं केलं. दुसऱ्या दिवशी पोरं फुलं सोडून डोमकळ्याच शोधत होती. आता मोठ्यांची मागणी आहे की कामगंध सापळेही (मादीच्या गंधाने नर पतंग पकडणारे) दाखवा.