८ बाय ६ ची लाकडी शेड: पैसे कुठे वाचवले, कुठे नाही

बागेची अवजारं, खताची पोती आणि ढकलगाडी मावेल एवढी शेड हवी होती आणि खर्च आटोक्यात ठेवायचा होता. माप आधी कागदावर पक्कं केलं. प्लायची शीट ८ बाय ४ ची मिळते आणि लाकूडही ८ फुटी सहज मिळतं, म्हणून शेड ८ बाय ६ फूट ठरवली. जमिनीला बरोबर दीड शीट लागते आणि उरलेल्या अर्ध्या शीटची आतली फडताळं होतात. हेच माप ९ बाय ७ केलं असतं तर प्रत्येक तुकड्यामागे फूटभर लाकूड सरपणात गेलं असतं.

या मापाचा आणखी एक फायदा आहे. दोन्ही कर्ण नेमके १० फूट येतात. चार खुंट्या ठोकून दोरी ताणायची आणि दोन्ही कर्ण टेपने मोजायचे. एक १० फूट आणि दुसरा १० फूट १ इंच येत असेल तर पुढे जायचं नाही. खाली इंचभर चुकलेला काटकोन छपरापर्यंत छळतो, पत्रा एका बाजूला आखूड पडतो.

पायासाठी ४ इंच माती काढून खडी भरली आणि धुम्मसने ठोकून घेतली. खडी शेडच्या बाहेर तीन बाजूंना फूटभर आणि मागे दीड फूट ठेवली, कारण छपराचं पाणी मागे पडतं. ते मातीवर पडलं की चिखल उडून खालच्या फळ्या कायम ओल्या राहतात. खडीवर सिमेंटचे ९ ठोकळे तीन ओळींत ठेवले, प्रत्येक ओळीत ४ फुटांवर एक. पातळी मिळवायला पारदर्शक नळीत पाणी भरून वापरलं. नळीत एक जरी बुडबुडा अडकला तरी ती खोटं सांगते. म्हणून आधी दोन्ही तोंडं शेजारी धरून पाणी एका रेषेत आहे ना हे पाहायचं, मगच मोजायचं.

ठोकळ्यांवर ४ बाय ४ इंचाच्या तीन तुळया, मध्ये डांबरी कागदाचा तुकडा, म्हणजे सिमेंटमधली ओल लाकडात चढत नाही. तुळयांवर २ बाय ४ चे ७ आडवे दांडे, मध्यापासून मध्यापर्यंत १६ इंचांवर. त्यावर १८ मिमी प्लाय. दोन शीटचा जोड ४ फुटांवर येतो, तिथे दांड्यांच्या मधे आडवे तुकडे बसवलेच पाहिजेत, नाहीतर पाय पडला की जोड लचकतो.

भिंतींच्या चौकटी २ बाय ३ च्या, उभे दांडे २४ इंचांवर, पुढची भिंत ७ फूट आणि मागची ६. चौकट जमिनीवर आडवी ठेवून जोडली आणि मग उभी केली. नुसती चौकोनी चौकट कितीही खिळे मारले तरी हाताने ढकलली की तिरकी होते. प्रत्येक भिंतीत एक तिरकी पट्टी खाच पाडून बसवली की हा हलका झोल लगेच जातो. लाकूड वाचवायला लोक नेमकी हीच पट्टी गाळतात.

फळ्यांचा हिशेब असा: चार भिंती मिळून १८२ चौरस फूट, दार वजा करून साधारण १६३. फळी ६ इंच रुंद, एकीवर दुसरी १ इंच चढवली तर ५ इंच उघडी राहते. तूट धरून ८ फुटी ५४ फळ्या. ओलं लाकूड लांबीत फारसं आखडत नाही, रुंदीत आखडतं. ६ इंचांची फळी वाळून पाव इंच कमी होऊ शकते. म्हणून फळ्यांच्या मधे पट्ट्या ठेवून त्या तीन आठवडे सावलीत वाळवल्या. खिळा मारताना तो खालच्या फळीच्या वरच्या कडेच्या थोडा वर, फक्त वरच्या फळीतून जाऊन दांड्यात बसला पाहिजे. एकच खिळा दोन्ही फळ्यांतून गेला तर त्या आखडताना एकमेकींना ओढतात आणि मधोमध चिरतात. टोकाजवळ खिळा मारण्याआधी त्याचं टोक हातोडीने हलकं बोथट करायचं. अणकुचीदार टोक तंतू दोन्हीकडे फाकवतं, बोथट टोक ते चिरडत आत जातं.

पॅकिंगच्या पॅलेटचं लाकूड स्वस्तात मिळतं, पण शिक्का बघून घ्यायचं. ‘एचटी’ म्हणजे उष्णतेने प्रक्रिया केलेलं, ते चालतं. ‘एमबी’ म्हणजे मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेलं, ते सोडून द्यायचं. दार-खिडकीही जुनीच आणायची आणि त्या मापाने चौकट करायची, उलटं करू नये. जुन्या लाकडावरून करवत चालवण्याआधी लोहचुंबक फिरवायचा. लपलेल्या एका खिळ्याने पातं जातं.

मात्र खिळे आणि पत्र्याचे स्क्रू यांत काटकसर करू नये. साधा खिळा गंजून फळीवर काळे ओघळ सोडतो. जस्ताचा जाड मुलामा असलेलेच घेतले.

छपराला एकच उतार, ६ फुटांत १ फूट. वासे ८ फुटी न कापताच वापरले, त्यामुळे छप्पर पुढे-मागे भिंतीबाहेर ११ इंच आलं. पत्रा मागे आणखी २ इंच सरकवला की पाणी वाशाच्या टोकावर न येता सुटं पडतं. स्क्रू पत्र्याच्या उंचवट्यावर मारायचे आणि रबरी वॉशर चपटा होऊन बाहेर येईपर्यंत आवळायचे नाहीत. जास्त आवळलेला वॉशर वर्षा-दोन वर्षांत चिरतो.

कापलेल्या प्रत्येक टोकाला लाकूड कुजू न देणारा रक्षक द्रव पाजला, कारण टोकाकडून लाकूड सगळ्यात वेगाने पाणी पितं. जुनं इंजिन ऑइल लावायचा सल्ला हमखास मिळतो. तो ऐकू नये. ते मातीत झिरपतं आणि पुढे रंग धरत नाही. जवसाचं तेल लावलं तर फडकी बोळा करून फेकू नयेत, ती आपोआप पेटू शकतात. उन्हात पसरून वाळवावीत.

दाराच्या तिरक्या पट्टीची दिशा बहुतेकांची चुकते. ती खालच्या बिजागरीपासून सुरू होऊन वर कडीच्या बाजूला गेली पाहिजे, म्हणजे दाराचं वजन ती बिजागरीवर ढकलते. मीही आधी उलटी लावली होती. दार लटकून उंबऱ्याला घासू लागलं तेव्हा ती काढून फिरवावी लागली. चारही बाजूंनी ४ मिमी फट ठेवली, पावसाळ्यात फुगलेलं दार त्यात मावतं.