वाटीभर आमसुलं

दादीच्या चुलीशेजारी डालड्याचा एक पिवळा डबा असायचा. त्यावरचं झाड निम्मं खरवडून गेलेलं. रोज दुपारी तांदूळ मापून घेतले की ती त्यातली एक मूठ परत उचलून त्या डब्यात टाकायची. पाहुणे असले की दोन मुठी. मी विचारलं होतं एकदा, पाहुणे असताना उलट जास्त तांदूळ लागतात ना? तर म्हणाली, "पाहुण्याला आपण बोलावलंय. ज्याला कोणीच बोलावलं नाही, त्याची मूठ वेगळी नको?" पुढे कधीतरी कर्मवीर भाऊराव पाटलांच्या संदर्भात 'मुष्टिफंड' हा शब्द कानावर पडला, तेव्हा मला वाटलं, अरेच्चा, हा तर आमच्या दादीचा डबा.

डबा भरणं सोपं होतं. तो रिकामा करणं हे दादीचं खरं कसब.

आमचं गाव खाडीकाठचं, चिपळूणपासून फार लांब नाही. खालच्या आळीत एक विधवा बाई राहायच्या, अख्खी वाडी त्यांना बुबू म्हणायची. नवरा बोटीवर खलाशी होता, तो तिकडेच वारला. एक मुलगी, ती चिपळुणात दिलेली. बुबूंनी कधी कोणाकडे काही मागितल्याचं मला आठवत नाही. अंगावर धुतलेलं, नीट घडी मोडलेलं लुगडं, अंगण सारवलेलं. मौलाना ज्यांना सफेदपोश म्हणतात, त्यातल्या. कुराणात अशा माणसांचा वेगळा उल्लेख आहे, दुसऱ्या सूरेच्या, म्हणजे अध्यायाच्या, 273व्या आयतीत (वचनात): ते हात पसरत नाहीत, म्हणून अजाण माणसाला ते सुखवस्तू वाटतात. दादीला आयतीचा नंबर ठाऊक नव्हता. घर मात्र ठाऊक होतं.

सकाळी सकाळी मला हाक यायची. "जा गो, बुबूकडून वाटीभर आमसुलं उसनी आण."

आता आमच्याच फडताळात आमसुलांची बरणी काठोकाठ भरलेली. तरी मी रिकामी वाटी घेऊन जायचे, भरलेली आणायचे. आणि संध्याकाळी दादी मला परत पाठवायची. हातात झाकण ठेवलेलं पातेलं, त्यात डब्यातले तांदूळ, वर कागदात गुंडाळलेले दोन सुके बांगडे, आणि सगळ्यात वर ती वाटी, घासूनपुसून लख्ख. निरोप ठरलेला: "दादीने सकाळची वाटी परत केलीय."

एकदा मी शहाणपणा केला. आठ-नऊ वर्षांची असेन. बुबूंच्या ओटीवर उभी राहून म्हटलं, "आमच्याकडे पण आहेत आमसुलं, दादी उगाच मागते." बुबूंना ऐकू गेलं नसावं. त्या आत गेल्या, वाटी भरून आणली. घरी येऊन मी हे फुशारकीने सांगितलं आणि दादीने दंडाला असा काही चिमटा काढला की दोन दिवस तिथे काळंनिळं होतं. का, ते सांगितलं नाही. फक्त म्हणाली, "देणाऱ्याने तोंड शिवून द्यायचं असतं."

जकातीचं, म्हणजे शिलकीतून द्यायच्या सक्तीच्या धर्मदानाचं, तसं नाही. तिला हिशेब आहे. साधारण 85 ग्रॅम सोनं किंवा 595 ग्रॅम चांदी यांच्या किमतीइतकी शिल्लक वर्षभर राहिली की अडीच टक्के, म्हणजे हजाराला पंचवीस. ती फर्ज, म्हणजे बंधनकारक आहे, दिली तर उपकार नाही, नाही दिली तर जाब. रमजान ईदचं दान, फित्रा, तोही तसाच. आम्ही कोकणी मुसलमान शाफई पंथाचे, आमच्यात तो बहुतेक घरी धान्यातच निघतो, माणशी एक साअ, म्हणजे अडीच-तीन किलो तांदूळ, ईदच्या नमाजाआधी. मी पतपेढीत नोकरी करते, त्यामुळे रमजानात अख्ख्या खानदानाचा जकातीचा हिशेब माझ्या गळ्यात पडतो, आणि खरं सांगायचं तर मला तो आवडतो. आकडे जुळले की बरं वाटतं.

सदक्याला, म्हणजे आपखुशीने दिलेल्या दानाला, आकडाच नाही. रस्त्यातला काटा बाजूला केला तरी सदका, कोणाकडे बघून हसलात तरी सदका, असं हदीसमध्ये, पैगंबरांच्या वचनांत, आहे. परीक्षेला निघताना दादी माझ्या डोक्यावरून रुपयाचं नाणं ओवाळायची आणि फकिराला द्यायची, तोही तिच्या लेखी सदकाच. (असं ओवाळणं काही मौलानांना पटत नाही. दादीपुढे बोलायची मात्र कोणाची छाती नव्हती.) आणि सदका शेजारी हिंदू असो, बौद्ध असो, कोणालाही देता येतो. जकातीच्या बाबतीत बहुतेक उलेमा, म्हणजे धर्मपंडित, तो मुसलमान गरजूंपुरता हक्क मानतात, म्हणून आमच्याकडे दोन पाकिटं वेगळी ठेवायची पद्धत. हे पुढे फार कामाला आलं.

2021 साली बकरी ईद 21 जुलैला होती. बुधवार. कुर्बानीचे तीन वाटे झाले, घरचा, नातेवाइकांचा, गोरगरिबांचा. पावसात भिजत पोरांनी पिशव्या पोचवल्या. त्याच रात्री वाशिष्ठी नदी बाजारपेठेत शिरली. 22 तारखेला सकाळी चिपळूणचा खालचा भाग पाण्याखाली होता, पहिला मजला गाठलेलं पाणी, लोक कौलांवर, गच्च्यांवर. आमचं चिपळुणातलं भाड्याचं घर उंचावर, म्हणून आम्ही वाचलो. वीज नाही, फोन नाही. पाणी ओसरल्यावर जो चिखल उरला त्याचा वास मला अजून पावसाळ्याच्या पहिल्या आठवड्यात येतो. टँकर आला तेव्हा आदल्या ईदला ज्यांनी वाटे पाठवले ते आणि ज्यांच्याकडे वाटे गेले ते, एकाच रांगेत हंडे घेऊन उभे.

आम्ही चार-पाच जणांनी मिळून किट करायला घेतले. तांदूळ, तूरडाळ, तेल, चहा, साखर, काड्यापेटी, मेणबत्त्या, फिनेल, एक चटई. पैसे कुवेतहून आले, मुंबईहून आले, दक्षिण आफ्रिकेत पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या कोकणी नात्यातूनही आले. मी वही घेऊन बसले. जकातीचं पाकीट वेगळं, सदक्याचं वेगळं. किट सगळे सदक्यातून, म्हणजे घर कोणाचं हे बघायला नको.

परदेशातून पैसे पाठवणाऱ्या एकाने लिहिलं, "फोटो टाकत जा, लोकांना खात्री पटते." मला त्यात काही गैर वाटलं नाही. हिशेबाला पुरावा लागतोच, माझी सगळी नोकरीच त्यावर चालते. मी प्रत्येक दारात फोटो काढला.

त्यातलं एक दार बुबूंच्या मुलीचं होतं.

तिला मी खाला म्हणते. साठी ओलांडलेली. अर्धं आयुष्य शिवणयंत्रावर काढलं, गल्लीतल्या निम्म्या मुलींना ब्लाऊज बेतायला तिने शिकवलं. यंत्र ओसरीत चिखलाने भरून पडलं होतं, त्याच्या चाकात कोणाच्या तरी कापडाची चिंधी अडकलेली. मी किट पुढे केला, दुसऱ्या हाताने मोबाईल धरला. खालाने ओढणी ओढून घेतली, नाकापर्यंत. मी म्हणाले, "खाला, जरा इकडे बघा." तिने बघितलं. फोटो निघाला.

मी पायरी उतरल्यावर मागून आवाज आला. "ए, तो फोटो कुठे टाकू नको हां. सुनेच्या माहेरी दिसेल."

तोवर तो ग्रुपवर गेला होता. मी सगळ्यांसाठी डिलीट केला, पण चौदा जणांनी पाहिलेला, दोघांनी पुढे पाठवलेला. पुढचं माझ्या हातात नव्हतं. त्या रात्री मला दंडावरचा चिमटा आठवला, इतकंच सांगते.

जाहीर दिलेलं वाईट असं धर्मात नाही. त्याच सूरेत म्हटलंय की उघड दिलंत तर चांगलंच, गुपचूप गरिबाला दिलंत तर जास्त चांगलं. पण त्याच्या थोडं आधी, 264व्या आयतीत, बजावलंय की उपकार दाखवून आणि दुखवून आपला सदका फुकट घालवू नका. मी उपकार बोलून दाखवला नव्हता. फक्त कॅमेरा धरला होता. फरक काय, यावर मी बराच काळ स्वतःशी वकिली केली आणि हरले. लोकांनी मशिदीच्या पंख्याच्या पात्यांवर आजोबांचं नाव रंगवून घेतलेलं मला चालतं, पंखा फिरायला लागला की नाव आपोआप पुसटतं. माणसाचा चेहरा तसा पुसटत नाही.

उस्मानी काळात इस्तंबूलमध्ये दगडी खांब असत, 'सदका ताशी' म्हणतात त्यांना. वर खोलगट जागा. देणारा हात घालून नाणी ठेवून जायचा, घेणारा हात घालून हवी तेवढी घ्यायचा. हात घातलेला माणूस ठेवतोय की काढतोय, हे लांबून कळायचं नाही. मी हे वाचलं तेव्हा आधी डालड्याचा डबा डोळ्यांसमोर आला.

आता आम्ही दुकानाचं बिल आणि किटच्या ढिगाचा फोटो पाठवतो, बस. एका भावाने कुरकुर केली, मग पैसे पाठवले.

खालाकडे जायला मात्र मला वर्ष लागलं. पुढच्या जूनमध्ये, पहिल्या पावसानंतर, एक रिकामी वाटी पदराआड धरून मी तिच्या दारात उभी राहिले. यंत्र दुरुस्त होऊन आलं होतं, रंग उडालेला, चालत होतं. मी म्हणाले, "खाला, वाटीभर आमसुलं उसनी द्याल? संपलीत आमची."

तिने यंत्राचा पाय थांबवला. माझ्याकडे पाहिलं, वाटीकडे पाहिलं, आणि अशी हसली की मला कुठे बघावं कळेना.

"संपली होय? तुझ्या दादीची पण दर पंधरा दिवसांनी संपायची."

मी काय बोलणार?

"आई काय करायची ठाऊक आहे?" ती उठून आत गेली, तिथूनच बोलत राहिली. "घरात चहाची पावडर नसेल, तेल नसेल, पण मे महिन्यात रानात हिंडून रातांबे गोळा करायची, आमसुलं सुकवायची आणि एक बरणी बाजूला ठेवायची. आम्हाला हात लावू द्यायची नाही त्या बरणीला. आमटीत घालायला मागितली तरी नाही. म्हणायची, ती वरच्या घरची आहेत, तिकडून पोर येईल मागायला, तेव्हा नाही म्हणायची पाळी नको."

बाहेर आली. वाटी तिने अंगठ्याने दाबून दाबून भरली होती, वर शीग.

"संध्याकाळी येशील ना परत करायला?"

"येईन."

"मग वाटी नीट घासून आण. मागे तुझ्या घरून डबा आला होता तो तेलकट होता."