दाराची खालची कड

परवा दुपारी जेवणं झाल्यावर पुढच्या दाराची कडी काढत बसले होते, रंग द्यायच्या आधी कडी-कोयंडा, मूठ, सगळं उतरवून ठेवायचं असतं ना, म्हणून. तर कडीची पट्टी निघाली आणि खाली चार बोटांएवढा एक तुकडा दिसला, मधाच्या रंगाचा, चकचकीत. बाकी दार राखाडी, मधेमधे पांढुरके चट्टे, खिळ्यांखाली काळे ओघळ आणि त्यात हा एवढासा तुकडा काल पॉलिश केल्यासारखा. म्हणजे आप्पांचं पॉलिश, चाळीसेक वर्षं कडीखाली झाकलेलं. चहाची वेळ टळून गेली तरी मी पेचकस हातात घेऊन तशीच बसलेली.

सागवानाला ऑइल पेंट फासणारा माणूस आप्पांच्या लेखी कामातून गेलेला. शेजारच्यांनी त्यांच्या दाराला चॉकलेटी रंग दिला तेव्हा आप्पा पंधरा दिवस त्यांच्याकडे पेपर वाचायला गेले नव्हते, आणि आमच्याकडे तर पेपर यायचाच नाही, म्हणजे बघा.

दिवाळीच्या सुट्टीत आमच्याकडे पॉलिशचा कार्यक्रम असायचा. पुडीतून चपडा लाख यायची, सोनेरी पातळ पापड्या, कुरकुरीत दिसतात म्हणून मी एकदा चावून पाहिलेली, दाताला चिकटते बाकी काही नाही (आईला अजून माहीत नाही). ती स्पिरिटच्या बाटलीत टाकून रात्रभर ठेवायची आणि येताजाता बाटली हलवायची, हे हलवायचं खातं माझ्याकडे. सकाळपर्यंत कोऱ्या चहासारखं पाणी तयार. मग आप्पा जुन्या गंजीफ्रॉकच्या फडक्यात कापूस गुंडाळून बोळा करायचे आणि दारावर वरून खाली एका लयीत हात फिरवायचे. मधे थांबायचं नाही, थांबलं की तिथे डाग. दारात पोस्टमन उभा असला तरी मान न वळवता "ठेव तिथं" एवढंच. स्पिरिटचा तो वास आला की मला अजून चकलीची भाजणी आठवते, दोन्ही एकाच आठवड्यातले ना.

आता गंमत अशी की लाखेला पाणी सोसत नाही. पॉलिशच्या टेबलावर ओला पेला ठेवला की पांढरं कडं उठतं, तेच ते. आणि आमचं दार तोंड करून आहे नैर्ऋत्येला, कोकणातला पाऊस जिथून येतो बरोब्बर तिथे. त्यामुळे श्रावण येईपर्यंत दार पांढरं पडलेलं असायचंच. मग आप्पा कधी स्पिरिटमध्ये भेसळ काढायचे, कधी लाख जुनी निघायची, कधी आम्ही पोरं ओल्या हातांनी दार ढकलतो म्हणून. हे पॉलिश मुळात घरातल्या कपाटाचं, बाहेरच्या दाराचं नाहीच, हे त्यांना कोणी सांगितलं नाही की त्यांनी ऐकून घेतलं नाही कोण जाणे. दुसरंच खरं असावं. पुढे थकल्यावर त्यांनी त्याच्यावरच व्हार्निश मारून टाकलं, आणि तेच आता पापुद्रे धरून सुटतंय.

पेंटर फोनवर म्हणाला, "ताई, तुम्ही घासून ठेवा, रंग काय, दोन दिवसांचं काम." सगळं घासणंच तर असतं त्यात. आधी कापूस स्पिरिटमध्ये बुडवून दाराच्या कोपऱ्यात लावून बघितला, जिथे चिकट झालं तिथे लाख, जिथे ढिम्म तिथे व्हार्निश. मग सुटलेलं सगळं पत्तीनं खरवडायचं, मग 80 नंबरचा पॉलिश पेपर, मग 120, शेवटी 220, आणि तेही लाकडाच्या रेषेतच, आडवं घासलं की ओरखडे रंगातून सुद्धा वर दिसतात. खरं तर कोऱ्या लाकडापर्यंत जायची गरज नसते, जे घट्ट बसलंय त्याची फक्त चमक मेली पाहिजे, चमकेवर रंग धरत नाही. पण हात थांबत नाही माझा. एका खिडकीच्या झडपेवर तीन दुपारी घातल्या आणि खांदा धरून बसले.

काळे ओघळ मात्र घासून जात नाहीत. लोखंडी खिळा, पाणी आणि लाकडातला तुरटपणा एकत्र आले की चक्क शाईच होते, पूर्वी हिरडा आणि हिराकस घालून करायचे ना, तीच. म्हणजे आमचं दार चाळीस वर्षं काहीतरी लिहीतच होतं म्हणायचं. हार्डवेअरवाल्याकडे ऑक्झॅलिक ॲसिडची पावडर मिळते, विषारी आहे, हातमोजे घालून पाण्यात कालवून लावली, आणि अर्ध्या तासात काळ्याचं फिकट चहाच्या रंगावर आलं. नंतर दोनतीनदा स्वच्छ पाण्यानं धुवायचं आणि चांगलं वाळू द्यायचं, ओल्या लाकडावर काही म्हणजे काही लावायचं नाही.

आणि माझं खूळ म्हणजे दाराची खालची कड. तिथे कोणी रंग लावत नाही, कारण दिसत नाही, आणि पाणी पितं ते तिथूनच, लाकडाच्या नळ्या तिथे उघड्या पडलेल्या असतात ना, स्ट्रॉ लावल्यासारखं वर ओढून घेतं. मग दार फुगतं, गणपतीत खांद्यानं ढकलावं लागतं, आणि लोक म्हणतात, जुनं झालं हो दार. मी लोकांकडे गेले की पर्समधला आरसा काढून त्यांच्या दाराखाली सरकवून बघते, नणंदेच्या नव्या फ्लॅटमध्ये पण बघितलं. कोरं! त्यावरून थोडं बोलणं झालं, असो. आमच्या झडपा सुताराकडून उतरवून घेतल्यात, पडवीत आडव्या ठेवल्यात, आणि खालच्या कडांना प्रायमरचे दोन हात मी आपल्या हातानं दिलेत, पेंटरच्या भरवशावर नाही ठेवलं.

आता खिळ्यांच्या भोकांत लांबी, म्हणजे पुट्टी, भरायची राहिलीये, आणि मिरगाच्या आत रंग व्हायला हवा.

कडीखालचा तो तुकडा तेवढा मी घासला नाही. त्याच्यावर टेप चिकटवून ठेवलीये, कडी परत बसली की दिसणार नाहीच कोणाला. पेंटर वैतागणार.

रंग कुठला ते ठरत नाहीये. शेजारच्यांकडे चॉकलेटीचा अर्धा डबा उरलाय म्हणे, काल आणूनच ठेवला त्यांनी ओटीवर.