भाव परत येतोय, पण ग्राहकांचं काय?

रविवार, १ सप्टेंबर २०२४
सोलापूर

"खालून २७ टक्के वर आलाय," दाजी म्हणाले. "वरून अजून १९ टक्के खाली आहे," सूतवाल्या अण्णांनी तिथल्या तिथे परतवलं. शेअर एकच, आणि हिशेब दोघांचाही बरोबर. क्राउडस्ट्राइक ही अमेरिकेतली संगणक-सुरक्षेची कंपनी; १९ जुलै २०२४ला तिच्या एका सदोष अपडेटने जगभरची मशीन बसली. तिचा शेअर १८ जुलैला ३४३ डॉलरवर बंद झाला होता, २ ऑगस्टला २१८ पर्यंत आला आणि परवा शुक्रवारी, ३० ऑगस्टला, २७७ वर थांबला. २१८ पासून मोजलं तर तेजी, ३४३ पासून मोजलं तर तोटा. मग तासभर यावरच चाललं. मला मात्र सारखं वाटत होतं की आपण चुकीच्या आकड्यावर भांडतोय, म्हणून आज सविस्तर लिहितेय.

नव्या पेठेत अण्णांच्या दुकानाच्या माडीवर रविवारी सकाळी आमची बैठक असते. निवृत्त बँकवाले, दोन शिक्षक, एमआयडीसीतले तिघे-चौघे आणि मी, अक्कलकोट रोडच्या एका टॉवेल कारखान्याचे हिशेब बघणारी. चहा, कडक भाकरी, शेंगाचटणी आणि शेअर. पूर्वी विषय बँका, साखर आणि सिमेंटपलीकडे जात नसे. आता घरोघरची मुलं पुण्यात नाहीतर हैदराबादला आयटीत आहेत, मोबाईलवरून डॉलर पाठवून अमेरिकेतले शेअर घेतात, अख्खा परवडत नसेल तर अर्धा-पाव घेतात. त्यामुळे क्राउडस्ट्राइकचं नाव आमच्या माडीवर आता परकं राहिलेलं नाही.

आज एक काका मुद्दाम आले होते. कापड गिरणी बंद पडेपर्यंत तिथेच जॉबर, म्हणजे कामगारांचे मुकादम, होते. त्यांच्या मुलाने जुलैच्या सुरुवातीला हा शेअर ३८५च्या आसपास घेतला, अगदी शिखराजवळ. पैसे मुलाचे, झोप काकांची उडालेली. त्यांनी एवढंच विचारलं, "ताई, भाव आला की ओ परत. आता घेतल्या भावाला येऊ दे, मग काढ म्हणून सांगू का पोराला?"

उत्तर द्यायला दहा जण पुढे सरसावले. मी गप्प राहिले, कारण "घेतल्या भावाला येऊ दे" हे वाक्य मी इतक्यांच्या तोंडून ऐकलंय की त्याची मला भीतीच वाटते. आपण कितीला घेतला हे कंपनीला ठाऊक नसतं आणि बाजारालाही नसतं. ३८५ हा आकडा फक्त त्या मुलाच्या खात्यात आणि काकांच्या डोक्यात आहे. अण्णांनी सूताच्या बिलाच्या पाठीवर पेन्सिलने मांडून दाखवलं: ३४३ वरून २१८ म्हणजे ३६ टक्के घसरण, पण २१८ वरून पुन्हा ३४३ गाठायला ५७ टक्के चढावं लागतं. १२५ डॉलर गेले, त्यातले ५९ आले, म्हणजे निम्मेही नाहीत. काकांनी तो कागद घडी घालून खिशात ठेवला.

काकांच्या "घेतल्या भावा"मागे मोठा इतिहास आहे, तोही लिहायला हवा. त्यांच्या ट्रंकेत गिरणीच्या शेअरचं सर्टिफिकेट अजून आहे. जाड पिवळसर कागद, वर गिरणीचं चित्र, खाली दोन संचालकांच्या सह्या. भाव पडला तेव्हा "येईल परत" म्हणून त्यांनी ठेवला. भाव आला नाही आणि पुढे गिरणीच राहिली नाही. सोलापुरात अशी ट्रंक असलेली घरं कमी नाहीत. त्यामुळे इथल्या माणसाला पडलेला भाव वर येताना दिसला की सुटकेची घाई होते. ती घाई मला समजते, त्यावर कोणी हसलं की राग येतो.

पण गिरणी का बंद पडली आणि हा शेअर का पडला, ही दोन कारणं वेगळी आहेत. १९ जुलैला नेमकं काय झालं हे माडीवर निम्म्यांना माहीतच नव्हतं. "हॅकिंग झालं होतं ना?" असं बँकवाल्या साहेबांनी विचारलं. हॅकिंग झालं नव्हतं, कोणाचा डेटा चोरीला गेला नव्हता. क्राउडस्ट्राइकचं फाल्कन हे सुरक्षेचं सॉफ्टवेअर मोठमोठ्या कंपन्यांच्या संगणकांत बसवलेलं असतं, आणि ते विंडोजच्या अगदी गाभ्यात चालतं. तिथे बसलं तरच घुसखोर लवकर दिसतो, पण तिथे चूक झाली तर अख्खं मशीन बसतं. त्या शुक्रवारी, आपल्या घड्याळात सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी, एक छोटी अपडेट फाईल सगळीकडे एकदम गेली. कंपनीने ६ ऑगस्टला आपला तपास प्रसिद्ध केला, त्यात कारण दिलंय: त्या रचनेत माहितीचे २१ रकाने धरले होते आणि प्रोग्रॅम पुरवत होता २०. एकविसावा वाचायला गेला तिथे काहीच नव्हतं, आणि मशीन कोसळलं. निळा पडदा. ७८ मिनिटांत फाईल मागे घेतली, पण तोवर मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे ८५ लाख विंडोज संगणक अडकले होते. पुष्कळ ठिकाणी माणसाने एकेका मशीनपाशी जाऊन ते सेफ मोडमध्ये सुरू करून ती फाईल पुसावी लागली.

हैदराबाद विमानतळावरच्या हाताने लिहिलेल्या बोर्डिंग पासचे फोटो त्या दिवशी आपल्याकडेही फिरले. आपल्या बँका मात्र जवळपास सुटल्या. फक्त १० बँका आणि वित्तसंस्थांना किरकोळ त्रास झाल्याचं रिझर्व्ह बँकेनेच सांगितलं.

रकाना कमी-जास्त होणं हे माझ्या रोजच्या कामातलं. म्हणूनच सांगते, चूक एका रकान्याची असली तरी खरा दोष ती एकाच वेळी जगभर पाठवण्यात होता. आधी थोड्या मशीनवर, मग बाकीच्यांवर, असं केलं असतं तर थोडी मशीन बसली असती आणि बाकीची वाचली असती. आता टप्प्याटप्प्याने पाठवू, कधी घ्यायचं ते ग्राहकही ठरवू शकेल, असं कंपनीने जाहीर केलंय. भावापेक्षा मला ही ओळ मोलाची वाटते. हे होतंय की नाही, यावर नजर ठेवायला हवी.

आता २८ ऑगस्टच्या निकालाकडे येते, कारण भाव टिकलाय तो त्याच्या आधारावर. ३१ जुलैला संपलेल्या तिमाहीत उत्पन्न ९६.४ कोटी डॉलर, गेल्या वर्षीपेक्षा ३२ टक्के जास्त. वर्षागणिक येणारी वर्गणी ३.८६ अब्ज डॉलर, तीही ३२ टक्के वर. आणि दाजींनी तीनदा वाचून दाखवलेली ओळ: जुन्या वर्गणीपैकी ९७ टक्क्यांहून अधिक टिकून आहे. "बघ, ग्राहक हललेच नाहीत!" दाजींचा चेहरा खुलला होता, आणि सगळ्यांनी माना डोलावल्या.

मी विचारलं, "दाजी, तिमाही संपली कधी?"

३१ जुलैला. आणि घटना १९ जुलैची. म्हणजे त्या तिमाहीत घटनेनंतरचे दिवस १२. बारा दिवसांत कोणती मोठी कंपनी हजारो संगणकांतून एक सॉफ्टवेअर उपटून दुसरं बसवते? शिवाय करार एक ते तीन वर्षांचे असतात. ९७ टक्के हा आकडा खरा आहे, फक्त तो आपल्याला हव्या त्या प्रश्नाचं उत्तर देत नाही.

आमच्या कारखान्यातून एकदा निर्यातीच्या एका कंटेनरमध्ये टॉवेलच्या रंगछटेत फरक गेला होता. गिऱ्हाईक रागावलं, नुकसानभरपाई घेतली, पण पुढच्या हंगामाची ऑर्डर आधीच दिलेली होती, ती तशीच आली. सगळ्यांनी सुटकेचा नि:श्वास सोडला. त्यानंतरच्या हंगामात ऑर्डर आली ती कमी मालाची आणि पडेल दराची, आणि सोबत दुसऱ्या गावच्या कारखान्याचं कोटेशन जोडलेलं. राग वहीत उशिरा उतरतो. क्राउडस्ट्राइकचीही वही तशी उशिराच कळेल.

थोडं कळतंयही. घटनेनंतर नाराज ग्राहकांना कंपनी जादा मॉड्यूल (सॉफ्टवेअरचे जास्तीचे भाग), वाढीव मुदत देऊ लागली. त्यापायी पुढच्या दोन्ही तिमाहींत वर्गणीच्या उत्पन्नात प्रत्येकी ३ कोटी डॉलरच्या आसपास घट धरली आहे, आणि वर्षभराचा अंदाज ४ अब्जांच्या घरातून ३.९ अब्जांवर आणलाय. कंपनीने हे लपवलं नाही, आणि याबद्दल मला तिचा आदर वाटतो. मोठ्या घसरणीनंतर तोंड फिरवणाऱ्या कंपन्याही आपण बघतो.

दुसरीकडे त्या बिघाडात अडकलेली अमेरिकी विमान कंपनी डेल्टा एअरलाइन्स आहे. पाच दिवसांत सुमारे ७,००० उड्डाणं रद्द, ५० कोटी डॉलरचं नुकसान झाल्याचा दावा, आणि मोठा वकील दिलेला. क्राउडस्ट्राइकच्या वकिलाचं म्हणणं, करारानुसार आमची जबाबदारी दहा लाख डॉलरच्या पुढे, पण एक कोटीच्या आतच. भागधारकांनीही टेक्ससमध्ये दावा लावलाय. हे खटले वर्षानुवर्षं चालतील. बाजाराने त्यांची किंमत भावात धरली की नाही, हे मला तरी सांगता येणार नाही, आणि माडीवर जे ठामपणे सांगत होते त्यांनाही येत नसावं.

अण्णांनी मध्येच क्विक हीलचा विषय काढला, आणि बरं झालं. पुण्याची, काटकर बंधूंची, रहिमतपूरकडच्या मराठी माणसांनी उभी केलेली सायबर सुरक्षेची कंपनी. फेब्रुवारी २०१६ मध्ये ३२१ रुपयांनी आयपीओ, म्हणजे पहिली शेअरविक्री, आला आणि पहिल्याच दिवशी भावाखाली गेला. मार्च २०२० मध्ये तोच शेअर शंभराच्या आत होता. सप्टेंबर २०२४च्या सुरुवातीला ३२१च्या बराच वर होता. अण्णा म्हणाले, "ज्यांनी ३२१ येताच काढला त्यांचं काय?" प्रश्न चांगला आहे, पण उलटाही विचारता येतो: शंभराच्या आत गेला तेव्हा ज्यांना पैशाची गरज पडली, त्यांचं काय? भाव परत यायला किती वर्षं लागतील हे कोणी लिहून देत नाही, आणि मुलांची फी तोवर थांबत नाही.

शेवटी काकांना मी जे सांगितलं ते असं. मुलाला आधी विचारा, हे पैसे येत्या दोन-तीन वर्षांत लागणार आहेत का? लागणार असतील तर ३८५ची वाट बघू नये, २७७ ला किती काढायचे ते आजच ठरवावं. नसतील, तर ३८५ विसरून जावं आणि एकच विचारावं: आज हातात रोख असती तर २७७ ला हा शेअर घेतला असता का? उत्तर हो असेल तर ठेवावा. आणि पुढच्या वर्षी रिटर्न भरताना परदेशी मालमत्तेचा तक्ता भरायला विसरू नये. शेअर विकला नसला तरी दाखवावा लागतो, हे आपल्याकडच्या निम्म्या मुलांना माहीत नाही. जुलै २०२४च्या बजेटनंतर २४ महिन्यांपुढे ठेवला तर नफ्यावर १२.५ टक्के कर, त्याआधी विकला तर स्लॅबप्रमाणे, तेही सांगितलं.

दाजी थोडे हिरमुसले. जिना उतरताना म्हणाले, "तू सगळ्यांच्या आनंदावर पाणी टाकतेस." मी त्यांना म्हटलं, दाजी, आनंद तुमचाच राहू दे, फक्त ज्याचं पोट त्यावर आहे त्याला १२ दिवसांचा आकडा वर्षाचा म्हणून नका दाखवू. ते ऐकून घेतात, हे त्यांचं मोठेपण.

पुढचा निकाल नोव्हेंबर २०२४च्या अखेरीस. त्यात ऑगस्ट ते ऑक्टोबर अशी घटनेनंतरची पहिली पूर्ण तिमाही असेल. वर्गणी टिकण्याचा आकडा ९७ वरून किती हलला, सवलती संपल्यावर ग्राहक पूर्ण दराने नूतनीकरण करताहेत का, आणि अपडेट टप्प्याटप्प्याने जाताहेत याचा काही पुरावा आहे का, हे तीन प्रश्न वहीत लिहून ठेवलेत. काकांच्या मुलाने फोन करून तेच मागितले, त्यालाही पाठवलेत.